भंडारदऱ्याची फेरी, निवांत: नाशिकहून दोघांसाठी तीन दिवसांचा बेत

नाशिकहून भंडारदरा जेमतेम सत्तर किलोमीटर. एवढं जवळ असल्यामुळेच बहुतेक जण तो एका दिवसात उरकतात. सकाळी निघायचं, रंधा धबधबा बघायचा, धरणावर फोटो काढायचे, रतनवाडीला धावती भेट द्यायची आणि दिवेलागणीला घोटी गाठायचं. दिवसभर गाडी आणि तळ्याकाठी अर्धा तास, असा तो हिशेब होतो. दोघंच जाणार असाल तर माझा सल्ला अगदी वेगळा आहे. तीन दिवस काढा, दोन्ही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करा आणि मधला अख्खा दिवस फक्त धरणाच्या जलाशयाभोवतीच्या फेरीला द्या. फेरीचा रस्ता पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा आहे. तो दोन तासांत होतो आणि दहा तासांतही. दहा तासांतला भंडारदरा ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी तो पाहिलाच नाही असं मी ठामपणे म्हणेन.

कधी जायचं

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, यात मला शंका नाही. धरण भरलेलं असतं, धबधबे अजून वाहत असतात, कातळांवर सोनकी फुललेली असते आणि धुकं हटल्यावर डोंगर स्पष्ट दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, रात्री चांगल्याच थंड आणि आकाश ताऱ्यांनी भरलेलं. धबधबे नसले तरी चालत असेल, तर हाही काळ उत्तम.

जुलै-ऑगस्टचा मोह सगळ्यांना होतो. पण जलाशयाच्या पश्चिम टोकाच्या घाटघरला त्या दिवसांत पाऊस असा कोसळतो की समोरचं वळण दिसत नाही, मग तिथला कोकणकडा कुठून दिसणार? पावसातच जायचं असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. हवामान खातं घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी वाचा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत सरळ पुढे ढकला. मुक्कामाचे पैसे बुडाले तरी चालतील.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखतात. पण जलाशय तेव्हा तळाला गेलेला असतो आणि शनिवार-रविवारी रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. काजव्यांसाठी जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशीच जा. गाडी दूर उभी करा, हेडलाइट बंद ठेवा, टॉर्च आणि फ्लॅश पिशवीतून काढूच नका. काजव्यांचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. आपल्या दिव्यांच्या झगमगाटात ती हाक पोहोचत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात.

निघण्याआधी

मोठी एसयूव्ही लागत नाही, साधी हॅचबॅक पुरते. पण तिचे टायर झिजलेले नकोत, ब्रेक तपासलेले हवेत आणि वायपरची रबरं नवी हवीत. स्टेपनीत हवा आहे का, हे गॅरेजमध्ये आठवणीने बघायला सांगा, कारण नेमकी तीच तपासायची राहते. धरणाशेजारच्या शेंडी गावाच्या पुढे मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. रोख पैसे घ्या, सुट्टे घ्या. दोघांची आधारकार्डं सोबत असू द्या, मुक्कामाच्या ठिकाणी ती मागतातच.

दोघांच्या प्रवासात कुरबुरी होतात त्या बहुधा रस्त्यावरून. म्हणून कामं आधीच वाटून घ्या. जो चालवतो तो फक्त चालवतो. शेजारचा झोपत नाही. नकाशा, फोन, नाक्यावरच्या पावत्या आणि अरुंद रस्त्यावर डावीकडची कड हे त्याच्याकडे. तासाभराने अदलाबदल. दोघांपैकी एकाला घाटात मळमळत असेल तर स्टिअरिंग त्याच्याकडेच द्या, चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. आणखी एक गोष्ट ठरवून टाका: ‘थांब’ म्हटलं की करकचून ब्रेक नाही, पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. दृश्य सुटेल याची भीती नको, या रस्त्यावर पुढच्या वळणावर तेच डोंगर आणखी जवळून भेटतात.

निघण्याआधी दोघांनी या सहलीत हवीच अशी एकेक गोष्ट सांगावी. एकाला कदाचित देऊळ नीट बघायचं असेल, दुसऱ्याला नुसतं पाण्याकाठी बसायचं असेल. त्या दोन गोष्टी पक्क्या, बाकी सगळं जमलं तर. कळसूबाई या यादीत घालू नका. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १६४६ मीटरचं शिखर वाटेवर आहे म्हणून ‘जाता जाता करू’ असं वाटतं, पण चढ-उताराला अख्खा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. ती वेगळी सहल.

मुक्काम कुठे

धरणाला लागून असलेलं शेंडी हे गाव सोयीचं. हॉटेलं, पर्यटन विकास महामंडळाचं जलाशयाकाठचं विश्रामस्थान, दुकानं, दवाखाना सगळं इथे आहे. पलीकडे मुरशेत, पांजरे भागात पाण्याकाठी तंबूंची ठिकाणं आहेत. तंबू बघायला सुंदर. पण शनिवारी शेजारच्या तंबूत स्पीकर लावणारे निघाले तर रात्र वाया जाते. तंबूच हवा असेल तर आठवड्याच्या मधे घ्या आणि बुक करताना दोन प्रश्न विचारा: स्वच्छतागृह किती तंबूंमध्ये एक, आणि रात्री गाणी किती वाजता बंद होतात. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरं ठिकाण बघा.

तिसरा पर्याय म्हणजे गावातलं घर. रतनवाडी, साम्रद, घाटघर इथे महादेव कोळी, ठाकर समाजातली कुटुंबं पाहुण्यांना उतरवतात. खोली साधी असते, जेवण मात्र असं की शहरातल्या हॉटेलात मिळायचं नाही. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आमटी, त्यांच्याच शेतातल्या तांदळाचा भात. इथे जेवण सांगून ठेवावं लागतं. दुपारी जेवायचं असेल तर आदल्या रात्री फोन करा, ऐनवेळी पोहोचून ‘काय आहे?’ विचारू नका. चूल पेटवण्यापासून सुरुवात असते.

पहिला दिवस: नाशिक, घोटी, शेंडी, रंधा

मिसळ खाऊन निघा, म्हणजे वाटेत नाश्त्यासाठी वेळ जात नाही. पाथर्डी फाट्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाने विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे करत घोटी, साधारण पस्तीस किलोमीटर. गोंद्याच्या आसपास कारखान्यांच्या पाळ्या बदलतात तेव्हा दुचाक्या आणि कामगारांच्या बस एकदम रस्त्यावर येतात, तिथे वेग आवरता ठेवा.

घोटीला महामार्ग सोडून डावीकडे वळायचं. वळण्याआधी टाकी भरा, पैसे काढा, औषधं आणि फळं घ्या. घोटी ही भाताची बाजारपेठ. तांदूळ घ्यायचा असेल तर तो परतीच्या वाटेवर घ्या, उगाच तीन दिवस गाडीत वागवू नका.

इथून पुढचा रस्ता घोटी-कोल्हार राज्यमार्गाचा. दोन्ही बाजूंना भातखाचरं. जुलैत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांतला चिखल डांबरावर सांडलेला असतो आणि तो तेलासारखा निसरडा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोंगणी (कापणी) झालेलं भात कुठे कुठे रस्त्याच्या कडेला पसरलेलं असतं. चाक त्यावरून घालू नका. वासाळी सोडलं की उजव्या हाताला कळसूबाईची रांग सरकत येते. बारी गावाजवळ गाडी कडेला घ्या, खाली उतरा आणि मान वर करून बघा. माथ्यावरचं देवीचं छोटं देऊळ स्वच्छ हवेत खालूनही दिसतं. इथे नाशिक जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका सुरू होतो. पुढे वारंघुशी फाट्यावरून उजवीकडे शेंडी, सरळ राजूर.

दुपारी जेवा आणि झोप काढा. मुक्कामाच्या जागी पोहोचल्या पोहोचल्या फिरायला धावू नका. चारच्या सुमारास राजूरच्या दिशेने दहा किलोमीटरवरचा रंधा धबधबा बघा. प्रवरा नदी इथे सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळते. पावसाळ्यात तिचा आवाज गाडीचं दार उघडताच ऐकू येतो. धबधब्याजवळ घोरपडादेवीचं मंदिर आहे. कठड्याच्या आतूनच बघा, ओला कातळ माफ करत नाही. रंध्यावर मन लवकर भरलं तर पुढे राजूरला जाऊन पेढे घेऊन या, तिथला पेढा चांगला असतो.

परत येताना विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये त्या वेळचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, त्यांचंच नाव धरणाला आहे. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटरच्या घरात, साठवण सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). भिंतीच्या पायथ्याशी गोलसर खडकावरून पाणी छत्रीसारखं पसरत खाली येतं, त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. तो बारमाही नाही, धरणाची ठरावीक मोरी उघडलेली असेल तेव्हाच दिसतो. चालू आहे का, हे हॉटेलवाल्याला विचारूनच जा.

दुसरा दिवस: जलाशयाची फेरी

हाच खरा दिवस. साडेसातला निघा.

दिशा कोणती, यावर आधी विचार करा. जलाशय पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. धरण आणि शेंडी पूर्वेच्या टोकाला, सह्याद्रीची भिंत पश्चिमेला. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, चालवणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत आणि समोरच्या कातळांवर उन्हाची पहिली झळाळी पडते. संध्याकाळी पूर्वेकडे परतताना सूर्य पुन्हा पाठीशी. दोन्हीकडून फेरी घातली तरी हे जमतं. मी मात्र आधी दक्षिणेच्या काठाने रतनवाडी, मग साम्रद, शेवटी घाटघर आणि उत्तरेच्या काठाने परत, असंच सुचवेन. सकाळी देवळात शांतता असते आणि घाटघरच्या कड्याखालचं धुकं दुपारपर्यंत विरतं. उलट गेलात तर बऱ्याचदा कड्यावर उभं राहून पांढरा पडदा बघायचा आणि देवळात गर्दी गाठायची, असं होतं. गर्दीच्या शनिवार-रविवारी पोलीस रस्ता एकेरी करतात, तेव्हा अर्थात ते सांगतील ती दिशा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर पुन्हा मागतात. दारू आणि प्लास्टिकचा कचरा आत न्यायचा नाही. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या मुक्कामावरूनच भरून घ्या.

मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीला जाताना रस्ता कधी पाण्याला चिकटतो, कधी झाडीत शिरतो. थांबायची जागा निवडताना वळण टाळा. दोन्हीकडून शंभर-शंभर पावलं दिसतील असा सरळ तुकडा बघा आणि गाडी पूर्ण डांबराखाली, पण टणक जमिनीवर घ्या. पावसाळ्यात साइडपट्टीचा मुरूम वरून घट्ट दिसतो आणि चाक गेलं की बसतो.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हे या फेरीचं हृदय आहे. तिथे किमान दीड तास द्या. शिलाहार राजा झंझ याच्या काळाशी ते जोडलं जातं, म्हणजे हजारेक वर्षांची गोष्ट. काळ्या दगडाचं देऊळ. शिखराकडे नीट बघा: मुख्य रेषांच्या मधल्या जागेत त्याच शिखराच्या छोट्या छोट्या प्रतिकृती ओळीने एकावर एक रचलेल्या आहेत, खालच्या मोठ्या, वर जाताना लहान होत गेलेल्या. त्यामुळे देऊळ आहे त्यापेक्षा उंच वाटतं. आत गेल्यावर लगेच गाभाऱ्याकडे जाऊ नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग खांबांवरचं आणि छतावरचं कोरीव काम हळूहळू उमटायला लागतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचतं आणि पिंड पाण्याखाली जाते. गावातली पुष्करणी, म्हणजे दगडी कुंड, बघायला विसरू नका. बरेच जण देवळातूनच परत फिरतात आणि ती राहून जाते. तिच्या भिंतींत कोनाडे आहेत, त्यांत विष्णूच्या मूर्ती.

देवळामागे दिसतो तो रतनगड. माथ्याजवळ कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. दुर्बीण असेल तर शोधा. प्रवरा याच डोंगरात उगम पावते. पुढे नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. म्हणजे तुम्ही ज्या पाण्याकाठी उभे आहात, ते नाशिकच्या रामकुंडावरून गेलेल्या पाण्याला पुढे जाऊन भेटणार आहे.

रतनवाडी ते साम्रद हा तुकडा फेरीतला सगळ्यात अवघड. चढ-उतार, अरुंद रस्ता, काही ठिकाणी उखडलेलं डांबर. इथे घाईचं काम नाही. चढ ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालच्या गिअरचा पर्याय वापरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. समोरून एसटी आली तर मागे येण्याची जबाबदारी तुमची समजा, चालकाला रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठ असतो. शेजारच्याने काच खाली करून कड सांगत राहायची. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचाच. धुक्यात लाइट लो-बीमवर ठेवा, हाय-बीमने पांढरी भिंत आणखी पांढरी होते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळताय हे कळत नाही.

साम्रदला सांधण दरी आहे, जमिनीला पडलेली खोल, अरुंद भेग. पावसाळ्यात ती बंद असते आणि ते योग्यच आहे, वर पाऊस पडला की आत पाण्याचा लोंढा येतो. कोरड्या दिवसांत गावातला वाटाड्या घेऊन पहिल्या पाण्यापर्यंत जा. तिथे दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की आकाशाची नुसती फीत उरते. पुढचं काम दोराचं, ते या सहलीत नको. सांगून ठेवलेलं जेवण साम्रदमध्येच घ्या. अंगणातून अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले ओळीने दिसतात.

तीनच्या सुमारास घाटघर. इथे दख्खनचं पठार एकदम संपतं आणि शेकडो मीटर खाली कोकण सुरू होतं. कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस प्रवरेतून बंगालच्या उपसागराकडे जातो, कड्यावरून खाली पडलेला अरबी समुद्राकडे. याच उंचीच्या फरकाचा उपयोग करून घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प चालतो. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. विजेची साठवणच ती, फक्त बॅटरीऐवजी तलावात.

कड्यावर वारा जोरदार असतो. रेलिंगच्या पलीकडे गवत आहे म्हणजे जमीन आहे असं समजू नका. एकाने फोटो काढताना दुसऱ्याला ‘थोडं मागे, अजून मागे’ असं कधीही म्हणू नये. कॅमेरा घेतलेल्यानेच मागे जावं, तेही कड्याच्या उलट बाजूला. एवढं सांभाळलं की मग बसा. दोघांपैकी एकाने हवीच म्हणून सांगितलेली निवांत बैठक इथेच मारा, थर्मासमधला चहा इथेच संपवा.

सूर्य टेकला की मात्र लगेच निघा. घाटघर, पांजरे, मुरशेत, शेंडी हा परतीचा रस्ता संधिप्रकाश असेपर्यंत गाठायचा. अंधारात गुरं रस्त्यावर बसलेली असतात, काळ्या म्हशी तर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.

जलाशयात कुठेही पोहायला उतरू नका. काठ गाळाचा आहे आणि दोन पावलांत खोली बदलते. नौकाविहार करायचा असेल तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि ते नसेल तर नौकाविहारच रद्द करा.

तिसरा दिवस: वैतरणा आणि त्र्यंबकमार्गे घर

आलेल्या वाटेने घोटीपर्यंत परत या, तांदूळ घ्या आणि सरळ नाशिककडे न वळता वैतरणेचा रस्ता धरा. ऊर्ध्व वैतरणा जलाशयाचं पाणी मुंबईची तहान भागवतं. भंडारदऱ्यात डोंगर पाण्याला वेढतात, तर इथे पाणी टेकड्यांमध्ये पसरलेलं, मोकळं. हॉटेलांची सोय तुरळक, म्हणून डबा बांधून घ्या. पाण्यापासून थोडं वर, सावलीत बसा.

पुढे पहिनेमार्गे त्र्यंबक. पावसाळ्यात पहिन्याला रविवारी गाड्या अडकतात, इतर दिवशी हाच रस्ता सुरेख. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला मात्र त्र्यंबकचा नाद सोडा, घोटीहून महामार्गानेच परत फिरा. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची कामंही या भागात आहेत, तेव्हा निघण्याआधी नकाशावर रस्ता चालू आहे ना ते बघून घ्या. त्र्यंबकेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर रांगेसाठी वेगळा वेळ ठेवा. नसेल तर ब्रह्मगिरी डाव्या हाताला ठेवून नाशिकच्या रस्त्याला लागा. इथून नाशिक तीसेक किलोमीटर. वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो, पण चढायला ती वेळ नव्हे.

संध्याकाळी पाच ते सात सातपूरला कारखान्यांची गर्दी असते. साडेचारच्या आत शहरात शिरा, नाहीतर त्र्यंबकलाच चहा घेऊन सातनंतर निघा. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पावसाचा जोर वाढलेला दिसला तर वैतरणा पूर्ण वगळा. घोटीहून महामार्गाने तासाभरात घरी पोहोचाल.